बाह्य उष्णता

प्रफुल्ल गावंडेच्या उजव्या तळहाताला अकोल्यात एकेकाळी मोठा भाव होता. गिऱ्हाइकाने तापलेला लॅपटॉप काउंटरवर ठेवला, की हा पठ्ठ्या स्क्रू-ड्रायव्हरकडे न बघता आधी आपला हात थंड फरशीवर दोन मिनिटं टेकवायचा, मग तो लॅपटॉपच्या पोटाखाली सरकवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "पंखा ठीक आहे. पेस्ट वाळली." किंवा, "गादीवर ठेवून सिनेमे पाहता ना? जाळीत कापूस बसला." शंभरातल्या नव्वद वेळा तो बरोबर असायचा. उरलेल्या दहा वेळा चुकलो हे त्याच्याकडून वदवून घेणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं.

मग तापपट आला आणि तळहाताचा धंदा बसला.

ओळीने तीन उन्हाळे पारा एकोणपन्नासच्या वर गेला, घरोघरी बॅटऱ्या फुगल्या, काही पेटल्याही. तेव्हा सरकारने नियमच केला, की नव्या लॅपटॉपच्या तळाला तापपट लावल्याशिवाय तो विकायचा नाही. तापपट म्हणजे कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ फिल्म. तिच्यावर दहा हजार बारीक बिंदू छापलेले असतात आणि प्रत्येक बिंदू आपापल्या जागेचं तापमान दर मिनिटाला टिपून सहा महिने जपून ठेवतो. प्रोसेसरवरची, उष्णता बाहेर नेणारी पेस्ट वाळली, जाळीत धूळ साचली, बॅटरी फुगायला लागली, की दर दुखण्याचा डाग वेगळ्या जागी आणि वेगळ्या आकाराचा उमटतो. दुकानदाराने लॅपटॉप फक्त 'वाचका'वर, म्हणजे एका काचेच्या पाटावर, ठेवायचा. अर्ध्या मिनिटात पडद्यावर सहा महिन्यांची कुंडली हजर.

तापपट आणखीही एक गोष्ट टिपायचा. थंड झालेला लॅपटॉप पुन्हा उघडला, की पहिली तीनचार मिनिटं तो आतून तापलेला नसतो. तेवढ्या वेळात तळाला जी ऊब लागते ती बाहेरची. टेबल असेल तर काहीच उमटत नाही. गादी असेल तर सगळीकडे सारखा रंग येतो. मांडी असेल तर दोन उभे पट्टे. वाचक याला 'बाह्य उष्णता' म्हणायचा आणि अहवालाच्या अगदी तळाशी छापायचा. तिथवर कुणी वाचत नसे.

प्रफुल्ल वाचायचा. यंत्राने आपलं काम हिरावलं म्हणून तो त्याच्यावर जळायचा, आणि जळणारा माणूस शेवटची ओळसुद्धा सोडत नाही. यंत्र कुठे चुकतं हे शोधण्यासाठीच त्याने दुकानात एक पाटी लावली होती: 'नुसता रंग पाहून निदान करू नये. डागाचा आकार पाहावा.' खाली स्वतःचं नाव.

खरं सांगायचं तर जळणं हा त्याचा स्वभावच होता. समोरच्या दुकानाला नवी पाटी लागली की याला जेवण गोड लागत नसे. पण दर्शनाच्या बाबतीत हा स्वभाव फार जपून ठेवलेला असे, कारण ती त्याची बायको होती आणि पॉलिटेक्निकमध्ये अर्ध्या वर्गाला मागे टाकून त्याने तिला मिळवलं होतं. मागे टाकलेल्या त्या अर्ध्या वर्गावर त्याचा अजूनही विश्वास नव्हता.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दर्शना स्वतःचा लॅपटॉप घेऊन दुकानात आली.

"प्रफुल, हा बघून दे ना. दुपारी आपोआप बंद पडून राहिला."

ती जमीनमोजणीचे नकाशे जुळवण्याचं काम करायची. ड्रोनने काढलेले हजारो फोटो एकत्र शिवायचे म्हणजे लॅपटॉप तापणारच. उन्हाळ्यात बारा ते पाच शहरात दुपारबंदी, म्हणजे बाहेर फिरायला मनाई असे; ती तर हिवाळ्यापासूनच त्या वेळी महानगरपालिकेच्या थंड हॉलमध्ये जाऊन बसायची. घरातला कूलर सत्तेचाळीस अंशांपुढे हात टेकायचा.

"मी केलेला स्टँड कुठं गेला? दोन पंखे लावून दिले होते त्याले."

"आहे रे. पण खुर्चीवर बसवत नाही मले. भिंतीले टेकून, मांडीवर घेऊन बसते."

प्रफुल्लने लॅपटॉप वाचकावर ठेवला. जाळीत ओढणीचे धागे अडकले होते, एवढंच. त्याने चिमट्याने धागे काढले, ब्रश फिरवला आणि सवयीने नजर शेवटच्या ओळीवर नेली.

तिथे तो थबकला.

दर्शनाची मांडी त्याला ठाऊक होती. बायकोचे हातपाय बारा महिने गार. वाचकाच्या भाषेत एकतीस अंश, फिकट निळा. दुपारी बारा वाजता ती हॉलमध्ये लॅपटॉप उघडायची तेव्हा तो फिकट निळा रोज उमटलेला होता. पण तीन वाजता चहा झाल्यावर लॅपटॉप पुन्हा उघडला की पट्टे नारिंगी. पस्तीस. काही दिवशी छत्तीस. सोळा फेब्रुवारीपासून जवळजवळ रोज.

बाराला एक मांडी आणि तीनला दुसरी.

लॅपटॉप दुसऱ्याच्या मांडीवर गेला म्हणजे आभाळ कोसळलं असं कुणी म्हणणार नाही. पण दर्शनाचा लॅपटॉप म्हणजे तिची तिजोरी. लग्नाच्या नवऱ्यालासुद्धा त्याला हात लावायचा तर विचारावं लागे. तो लॅपटॉप रोज तीन ते पाच कुणाच्या तरी ऊबदार मांडीवर असायचा, म्हणजे ती त्याच्या शेजारी, अगदी खेटून, खांद्याला खांदा लावून... पुढचं चित्र प्रफुल्लने इतक्या बारकाईने रंगवलं की त्याच्या कानशिलांवर घाम आला.

"काय निघालं?" दर्शनाने विचारलं.

"काही नाही. धागे होते."

त्याला ते विचारून टाकता आलं असतं. त्याऐवजी त्याने ड्रॉवरमधून एक पिवळं जॉबकार्ड काढलं. दुकानात येणाऱ्या प्रत्येक लॅपटॉपचं असं कार्ड भरायची त्याची पद्धत होती: तारीख, वेळ, ताप, कारण. ती गेल्यावर त्याने सोळा फेब्रुवारीपासूनची एकेक तारीख सुवाच्य अक्षरात उतरवून काढली. मग 'कारण' हा शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'कोण?'

नाव सुचायला वेळ लागला नाही. पीयूष राठी. दर्शनाच्या तोंडी हे नाव हिवाळ्यापासून होतं. पीयूषने भिंतीकडची जागा धरून ठेवली, पीयूषने लिंबू-सरबत आणून दिलं, पीयूष असा हसवतो. मार्चपासून मात्र तिने नाव घेणं बंद केलं होतं. प्रफुल्लला आता त्या बंद होण्याचाही अर्थ लागला. पहिल्या दहा ओळींपुढे त्याने 'पीयूष' लिहिलं. प्रत्येक वेळी पेन थोडं जास्त दाबून.

त्यानंतर त्याला घरात सगळीकडे पुरावेच दिसू लागले. दर्शना बारीक झाली होती. ड्रेस अंगावर लोंबायचे, तिने दोन नवे शिवायला टाकले. कुणासाठी? संध्याकाळी परत येताना तिच्या गालांवर लाली असायची. कशाची? ताटावर बसली की दोन घास खाऊन उठायची, "भूक नाही" म्हणायची. बाहेर खाल्लं असणार. महिन्याभरापासून ती बाहेरच्या खोलीत फरशीवर चटई टाकून झोपायची, पलंगावर बरं वाटत नाही म्हणून. आता पलंग काय काटेरी झाला होता?

एकदा, मार्च नुकताच लागला असताना, ती त्याच्याजवळ येऊन बसली होती. "प्रफुल, मले बरं वाटून नाही राहिलं रे. अंग मोडून येते."

शहरात तेव्हा सगळ्यांचंच अंग मोडून येत होतं. त्यातून त्या दिवशी तिने पीयूषच्या लिंबू-सरबताचं कौतुक केलेलं. प्रफुल्ल म्हणाला होता, "हॉलमध्ये तर बरं वाटते ना तुले? तिथंच सांग मग."

ती उठून गेली. त्यानंतर तिने पुन्हा असं काही सांगितलं नाही, आणि प्रफुल्लने त्या गप्प बसण्याची नोंदही गुन्ह्यातच केली.

त्याने एका वकिलाचा नंबर मिळवला. फोन केला नाही, पण नंबर खिशात ठेवला. दर्शना हातची जाणार, या धास्तीने त्याला इतकं पोखरलं होतं की आपणच आधी तोडलेलं बरं, असं त्याला अधूनमधून वाटायचं. तोवर बोलणं जेवढ्यास तेवढं. हात लावणं तर केव्हाच थांबलं होतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमारास, एक अगडबंब तरुण दुकानात शिरला. घामाने निथळत होता.

"गावंडे भाऊ ना? मी पीयूष राठी. वहिनी म्हणतात, लॅपटॉपचा डॉक्टर पाहिजे तर तुमच्याशिवाय कोणी नाही. लई तापून राहिला हो माझा."

प्रफुल्लच्या हातातून चिमटा पडला. शिकार स्वतःच्या पायाने आली होती. त्याने पीयूषला पाणी विचारलं नाही, पण लॅपटॉप असा लगबगीने ओढून घेतला की पीयूषला वाटलं, काय तत्पर माणूस आहे.

अर्धं मिनिट प्रफुल्लचे डोळे पडद्याला चिकटून राहिले. शेवटची ओळ आली. बाह्य उष्णता: मांडी, तेहतीस अंश. हिरवा रंग. जानेवारीपासून कालपर्यंत, सकाळ-दुपार एकच.

तेहतीस! पस्तीस नाही, छत्तीस नाही. हा तो नव्हे.

एखाद्याला हायसं वाटलं असतं. प्रफुल्लचा मात्र मत्सर मोकाट सुटला. इतके दिवस त्याला निदान एक तोंड होतं. आता हॉलमधली दोनशे माणसं संशयित झाली.

"पेस्ट वाळली तुमची," तो कसाबसा म्हणाला. "उद्या न्या."

पीयूष दारापर्यंत गेला आणि वळला. "भाऊ, वहिनींची पाठ कशी आहे आता? काल चहाले उठताना भिंत धरून उठल्या. मी म्हटलं घरी सोडून देतो, तर नाही म्हणाल्या. तुम्ही रागावाल म्हणे."

"कसली पाठ?" प्रफुल्लच्या तोंडून निघून गेलं.

पीयूष गोंधळला. "तुम्हाले... म्हणजे, दोन-तीन महिने झाले ना दुखून राहिली."

तो गेला. प्रफुल्लने कार्डावरच्या दहाही नावांवर फुली मारली आणि तो जागच्या जागी जळत उभा राहिला. आपल्या बायकोची पाठ दुखते हे या जाड्याला माहीत आहे आणि आपल्याला नाही! पाठ का दुखते, किती दुखते, हे त्याला सुचलं नाही. कुणाला आधी कळलं, एवढंच सुचलं.

बारा वाजता भोंगा झाला, रस्ता रिकामा झाला, समोरच्या दुकानांची शटरं धडाधड खाली आली. प्रफुल्लनेही आपलं शटर ओढलं आणि आतून कडी लावली. मग त्याने एक असं काम केलं, जे दुकानदाराने कधीच करायचं नसतं. वर्षभरात दुकानात आलेल्या अकराशे गिऱ्हाइकांच्या तापनोंदी त्याने वाचकात भरल्या. अर्धं अकोला त्यात होतं. दर्शनाचा नारिंगी पट्टा उघडून त्याने यंत्राला हुकूम दिला: ही मांडी कुणाची, शोध.

यंत्राला मत्सर ठाऊक नव्हता, म्हणून त्याने रंग बाजूला ठेवला. मांडी कधी गार असते, कधी गरम. त्यावरून माणूस ओळखता येत नाही. वाचकाने पट्ट्यांची रुंदी मोजली, दोन्हींतलं अंतर मोजलं, कोणती बाजू जास्त दाबली जाते ते पाहिलं. एकेक नाव गळत गेलं. तीन वाजायला दहा मिनिटं कमी असताना पडद्यावर एकच ओळ राहिली.

आकारसाम्य सत्त्याण्णव टक्के. दर्शना गावंडे.

"गाढव आहेस तू," प्रफुल्ल यंत्राला म्हणाला. त्याने पुन्हा शोध लावला. पुन्हा तेच. तेव्हा त्याने बाराचा निळा ठसा आणि तीनचा नारिंगी ठसा स्वतः एकावर एक ठेवून पाहिले. तंतोतंत बसले. डावा पट्टा दोन्हींत जरासा खोल, कारण दर्शना लहानपणी सायकलवरून पडल्यापासून डावीकडे भार देऊन बसते. हे यंत्राला माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं.

मग त्याने जानेवारीपासूनचे ठसे ओळीने लावले. पट्टे महिन्यागणिक अरुंद होत गेले होते.

मांडी एकच होती. दुपारी बाराला गार आणि तीननंतर तापलेली, रोज, सोळा फेब्रुवारीपासून. त्याच्या डोक्यावर त्याचीच पाटी होती. आकार पाहावा. त्याने दीड महिन्याचा ताप समोर मांडला होता, एकेक अंश सुवाच्य अक्षरात लिहिला होता, आणि त्याला सगळं सुचलं होतं, फक्त ताप सुचला नव्हता.

सत्तेचाळीस अंशांत कुणी धावत नाही. प्रफुल्ल धावला. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं, डांबर चपलेला चिकटत होतं. वाटेत दुपारबंदीच्या शिपायाने शिट्टी मारली, ती त्याने ऐकली नाही.

हॉलमध्ये दर्शना भिंतीला टेकून बसली होती. लॅपटॉप मांडीवर उघडा, डोळे मिटलेले, गालांवर ती लाली. जवळच पीयूष होता; प्रफुल्लला बघताच तो उठून बाजूला झाला.

"तू? इतक्या उन्हात?" दर्शनाने डोळे उघडले. तिच्या आवाजात आधी भीती होती, हे प्रफुल्लला ऐकू आलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. उन्हातून आलेला हात खोटं सांगतो. तो तिच्यासमोर खाली बसला आणि तळहात फरशीवर टेकवला. दोन मिनिटं. आयुष्यात इतकी लांब दोन मिनिटं त्याने काढली नव्हती. दर्शना नुसती पाहत राहिली. अख्ख्या शहरात ही पद्धत तिच्याइतकी कुणाला माहीत असणार?

हात गार झाल्यावर त्याने तो तिच्या कपाळावर ठेवला आणि डोळे मिटले.

"काय आहे?" ती हळूच म्हणाली. "पंखा, का पेस्ट?"

त्याला हसता आलं नाही. "अडतीसच्या वर आहे, दर्शना."

"असंन. उन्हाळाच आहे." थोडं थांबून ती म्हणाली, "कितीक दिवसांनी हात लावला तू."

प्रफुल्लला रडू फुटलं. दोनशे माणसांसमोर, पीयूष राठीसमोर.

चार दिवसांनी सगळे रिपोर्ट हाती आले. डॉक्टर सोळंके या पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी पाठीच्या कण्याची फिल्म उजेडावर धरली.

"मणक्याचा टीबी आहे. खोकला नसतो यात, म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही. दुपारनंतर बारीक ताप, वजन उतरणं, भूक जाणं, पाठ. औषधं वर्षभर, कदाचित जास्त. बऱ्या होतील. पण आणखी महिनाभर गेला असता तर पाय गेले असते." मग त्यांनी कागद पुढे ओढला. "ताप कधीपासून येतो? सुरुवात नक्की कळणं फार महत्त्वाचं आहे."

दर्शनाने आठवायचा प्रयत्न केला. "मार्चपासून असंन..."

"सोळा फेब्रुवारी," प्रफुल्ल म्हणाला.

डॉक्टरांनी वर पाहिलं. रोगाची सुरुवात नक्की कळणं किती महत्त्वाचं, हे त्यांनी आत्ताच सांगितलं होतं. लपवण्यात आता अर्थ नव्हता. त्याने पिशवीतून पिवळं जॉबकार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "आकडे मांडीचे आहेत, एरवी एकतीस असते." त्याने ते नवीन कागदावर उतरवायला हवं होतं, हे त्याला कार्ड हातातून सुटल्यावर सुचलं.

डॉक्टरांनी चष्मा सावरला. तारीख, वेळ, ताप. बोट एकेका ओळीवरून खाली सरकत गेलं. "अहो, इतकी चोख नोंद आमच्या वॉर्डातसुद्धा होत नाही. रोजची! वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये बायकोची इतकी काळजी घेणारा नवरा मी पाहिला नाही." त्यांनी तापाचे आकडे आपल्या कागदावर उतरवून घेतले आणि कार्ड दर्शनाकडे सरकवलं. "नशीबवान आहात."

प्रफुल्लचा हात कार्डाकडे गेला, पण दर्शनाने ते आधी उचललं होतं.

ती वाचत होती. त्याचं वळणदार अक्षर. शेवटचा रकाना. खोडलेलं 'कारण', त्याच्यावरचं 'कोण?', खाली दहा वेळा दाबून लिहिलेलं पीयूषचं नाव, त्यावर दुकानात मारलेली फुली. पुढच्या ओळी कोऱ्या.

प्रफुल्लला वाटलं ती कार्ड फाडेल. फाडलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. कार्डाकडे पाहून झाल्यावर तिने त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि त्याला मान वर ठेवता आली नाही.

"मॅडम, पेन देता का जरा?" ती म्हणाली.

डॉक्टरांनी पेन दिलं. औषधांच्या वेळा लिहून घेत असेल, असं समजून त्या पुढचा कागद पाहू लागल्या.

दर्शनाने कार्ड मांडीवर ठेवलं. 'कोण?'च्या खाली, पहिल्या ओळीत, खोडलेल्या नावाशेजारी तिने लिहिलं, 'मी'. मग दुसऱ्या ओळीत, 'मी'. मग तिसऱ्या. ती थांबली नाही.

बेचाळीस ओळी होत्या. तिने एकही सोडली नाही.